न मिटणारं एक दार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आज या सभागृहात पुष्कळ आहेत. गुरुजी नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगायचे म्हणे, की पुस्तकात छापलंय एवढ्यावरून काही खरं मानू नका. मला विचारा, आणि माझं उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारा. हे ऐकलं तेव्हाच माझा विषय ठरला. मी ज्या परंपरेत वाढले तिच्या ग्रंथांत प्रश्न विचारणाऱ्याला मानाची जागा आहे. यहुदी ग्रंथ आणि यहुदी सण आजच्या माणसाला काय देतात, यावर मी बोलणार आहे.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी. जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या घरातली. आमची आडनावं तुमच्यासारखीच गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. घरात मराठी. इस्राएलला गेलेल्या आमच्या लोकांनी तिकडेही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. तेव्हा मी लांबचं काही आणून तुमच्यापुढे ठेवते आहे असं समजू नका.

पण एक शंका तुमच्या मनात असणार आणि ती रास्त आहे. ज्याला देव आहे की नाही याचीच खात्री नाही, त्या आजच्या माणसानं दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे नियम का वाचावेत? मातीची भट्टी विटाळते की नाही, यावर पंडितांनी घातलेला वाद त्याच्या काय कामाचा? जेरुसलेमच्या ज्या मंदिराची इ.स. ७० मध्ये राखरांगोळी झाली, त्यातल्या पूजेचे तपशील पाठ करून त्याला काय मिळणार?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. या परंपरेनं जे पुष्कळ काही जपलं, त्यातली एक गोष्ट मला आज सर्वांत मोलाची वाटते. वादात हरलेला, बाहेर काढलेला, शब्दांनी दुखावलेला जो माणूस आहे, त्याचं म्हणणं तिनं आपल्या पुस्तकातून पुसलं नाही. इतकंच काय, वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवसांत, सगळा समाज जमलेला असताना, ते मोठ्यानं वाचलं जाईल अशी व्यवस्था केली. हे प्रत्येक वेळी पाळलं गेलं का? नाही. त्याबद्दलही बोलणार आहे.

सुरुवात ग्रंथापासून करायला हवी, पण आमची सुरुवात ग्रंथापासून झाली नाही. आमच्याकडे परंपरेनं असं सांगतात, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकी सगळं समुद्रात गेलं, पोथ्यासुद्धा. उरलं काय? ‘शेमा’ ही प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि शनिवार. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. शतकानुशतकं आमच्याकडे दिवस होता, ग्रंथ नव्हता.

तो शनिवार डोळ्यांसमोर आणा. घाण्याची लाट थांबलेली आहे. बैल सोडलेला आहे, त्याच्या डोळ्यांवरची झापडं काढलेली आहेत. तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, दहा आज्ञा दोन ठिकाणी येतात आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळण्याचं कारण दोन्हीकडे वेगळं दिलेलं आहे. निर्गम या पुस्तकात कारण आहे सृष्टीची उत्पत्ती: देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकात मात्र कारण मिसरातली, म्हणजे इजिप्तमधली, गुलामगिरी आहे. तुम्ही स्वतः गुलाम होता, तेव्हा तुमचा दास, तुमची दासी, तुमच्या वेशीच्या आतला परदेशी, तुमचा बैल आणि तुमचं गाढव यांनाही तुमच्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. कोकणातल्या माझ्या पूर्वजांनी हे वचन वाचलेलं नव्हतं. त्यांचा बैल मात्र शनिवारी मोकळा होता.

आज शब्बाथबद्दल बोलताना लोक ‘डिजिटल उपवास’ वगैरे म्हणतात. एक दिवस फोन बंद ठेवला तर डोकं शांत होतं, हे खरंच आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण अनुवादातलं कारण तेवढ्यावर थांबू देत नाही. मी फोन बंद करून निवांत बसले आणि त्याच दिवशी माझ्या दारात कुणी सामान पोचवायला धावत असेल, तर माझा शब्बाथ झाला का? मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात शब्बाथला वर्ज्य अशा कामांचे ३९ प्रकार मोजले आहेत: नांगरणं, पेरणं, दळणं, विणणं, लिहिणं, विस्तव पेटवणं. ते नियम ज्याला पाळायचे त्यानं पाळावेत. मला त्यातून आज कळतं ते असं, की माझा विसावा दुसऱ्याच्या घामावर उभा असेल तर तो अर्धाच आहे.

ग्रंथ आमच्याकडे उशिरा आले. कोचीनहून शिक्षक आले. १७९६ साली मुंबईत सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं, ‘शआर हारहमीम’, दयेचं द्वार. आमची जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. त्याचा हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता. आम्ही हिब्रू शिकलो आणि यहुदीच राहिलो. १८४६ मध्ये मुंबईत पेसाहच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची हाग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली, १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या प्रतीत बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बायकांचं चित्र आहे आणि त्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. पुढे मुंबईत आमच्या लोकांनी हरदासांकडून कीर्तन उचललं आणि अब्राहामाची, योसेफाची आख्यानं लावली.

आता ग्रंथाकडे येते. यहुदी ग्रंथ म्हटला की बहुतेकांच्या मनात बायबलचा जुना करार येतो. पण यहुदी परंपरेनं नुसतं बायबल सहसा वाचलं नाही. ते तालमूदमधून वाचलं. तालमूदचं एक पान उघडून बघा. मधोमध मिश्नाच्या दोन-चार ओळी. इ.स. २०० च्या सुमारास यहुदा हनासी यांनी ही मिश्ना संकलित केली. तिच्याखाली गेमारा, म्हणजे त्या ओळींवर पुढच्या पिढ्यांनी बाबिलोनात घातलेला वाद. पुस्तकाच्या शिवणीकडच्या बाजूला अकराव्या शतकातले फ्रान्सचे राशी यांची टीका. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, राशींच्या नातवांनी आणि त्यांच्या शिष्यांनी लिहिलेली, आणि त्यात पुष्कळदा राशींचंच म्हणणं खोडून काढलेलं. आजोबा आणि नातू एकाच पानाच्या दोन कडांना बसून भांडत आहेत, आणि मध्ये त्यांच्याही कित्येक शतकं आधीची माणसं भांडत आहेत. पानाची ही मांडणी रूढ केली व्हेनिसमध्ये डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकानं, १५२० ते १५२३ या काळात. आजही जगात कुठेही तालमूद उघडला तरी पानांचे क्रमांक त्याचेच असतात. १९२३ मध्ये मेइर शापिरो या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, सुचवलं, की जगभरच्या यहुद्यांनी रोज एकच पान वाचावं. २७११ पानं, साडेसात वर्षं. ते चक्र आजतागायत फिरतं आहे.

या पानांवर हरलेल्या बाजूचं मत का ठेवलंय? हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या पंडितांच्या पंथांत अखंड वाद होते आणि निर्णय बहुतेक वेळा हिल्लेलच्या बाजूनं झाले. मग शम्मायचं मत दर वेळी का लिहायचं? तालमूद सांगतो, की दोन्ही मतं जिवंत देवाचीच वचनं आहेत असा आकाशवाणीचा कौल पडला. तरी पाळायचं ते हिल्लेलचं. कारण? हिल्लेलचे लोक सौम्य होते, आणि स्वतःचं मत शिकवण्याआधी शम्मायचं मत शिकवायचे. श्रोतेहो, ते अधिक हुशार होते म्हणून जिंकले, असं तिथे लिहिलेलं नाही.

आता एका गोष्टीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. तालमूदमध्ये ‘बाबा मेट्झिया’ नावाचा ग्रंथ आहे. व्यवहाराचा ग्रंथ: सापडलेली वस्तू, मजुरी, व्याज, भाव. त्याच्या चौथ्या प्रकरणात व्यापाऱ्यानं अवाजवी भाव लावला तर काय करायचं, याचा ऊहापोह आहे. आणि मिश्ना मध्येच म्हणते, की जशी मालाच्या भावात माणसाची नागवणूक होते तशी शब्दांनीही होते. घ्यायचंच नसेल तर भाव विचारू नका, दुकानदाराला आशा लागते. वाट सोडून सुधारलेल्या माणसाला त्याच्या आधीच्या आयुष्याची आठवण देऊ नका. बाहेरून या धर्मात आलेल्यांच्या मुलाला त्याच्या पूर्वजांनी काय केलं ते ऐकवू नका. ही यादी लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

याच प्रकरणात भट्टीची गोष्ट येते. मातीची एक भट्टी, तुकडे कापून मध्ये वाळू भरलेली. रब्बी एलिएझेर म्हणाले, ती विटाळत नाही. बाकी सगळे म्हणाले, विटाळते. एलिएझेरांनी असतील नसतील ते सारे मुद्दे मांडले, कुणाला पटले नाहीत. मग त्यांनी झाडाला साक्षीला बोलावलं. झाड मुळासकट उपटून शंभर हात दूर गेलं. सभेनं सांगितलं, झाडावरून काही सिद्ध होत नाही. पाण्याला बोलावलं, ओढा उलटा वाहू लागला. त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. विद्यालयाच्या भिंतींना बोलावलं. भिंती कलू लागल्या. तेव्हा रब्बी यहोशुआ भिंतींनाच रागावले, की पंडितांच्या वादात तुमचं काय काम? म्हणून यहोशुआंच्या मानासाठी त्या पडल्या नाहीत आणि एलिएझेरांच्या मानासाठी सरळही झाल्या नाहीत. शेवटी आकाशवाणी झाली, की एलिएझेरच बरोबर. आणि रब्बी यहोशुआ उभे राहिले आणि तोराचाच आधार घेऊन देवाला म्हणाले, की आता हे आकाशात राहिलेलं नाही. तोरा आम्हाला दिलेली आहे; निर्णय बहुमतानं होईल.

देवानं यावर काय केलं? पुढे रब्बी नाथान यांना प्रेषित एलियाहू भेटले, त्यांना त्यांनी हेच विचारलं. एलियाहूंनी सांगितलं, की देव हसला, आणि आपल्या मुलांनी आपल्याला हरवलं असं म्हणाला. हे एलियाहू म्हणजे आमचे एलियाहू हन्नाबी. त्यांच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आहेत असं आम्ही मानतो. लग्न ठरो, नवस फिटो, मूल बरं होवो, आमच्याकडे त्यांच्या नावानं मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, ताटाच्या कडेनं फळं. माझ्या आजीनं ते ताट आयुष्यभर भरलं. ज्याच्या नावानं ती ते भरायची त्यानं देवाच्या पराभवाची बातमी पृथ्वीवर आणली होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिला फार आवडलं असतं, असं मला वाटतं.

व्याख्यानांत ही गोष्ट बहुधा इथेच संपवतात. माणसाच्या बुद्धीचा विजय, टाळ्या. पण तालमूद इथे थांबत नाही, आणि जो थांबतो तो निम्मीच गोष्ट सांगतो. बहुमत जिंकल्यावर त्या मंडळींनी काय केलं? एलिएझेरांनी शुद्ध ठरवलेली प्रत्येक वस्तू आणून जाळली आणि त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना ही बातमी द्यायला कोण जाणार? त्यांचे शिष्य अकिवा म्हणाले, मी जातो. कुणी अयोग्य माणूस गेला तर जग उद्ध्वस्त होईल. अकिवा काळे कपडे घालून गेले आणि गुरूंपासून चार हात दूर बसले. आज असा लांब का, असं एलिएझेरांनी विचारलं. अकिवा एवढंच म्हणाले, की सहकारी आपल्यापासून लांब राहात आहेत असं वाटतं. एलिएझेरांनी कपडे फाडले, जोडे काढले, जमिनीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले आणि जगातले एक तृतीयांश ऑलिव्ह, एक तृतीयांश गहू आणि एक तृतीयांश जव करपून गेले.

ज्यांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कार पडला ते रब्बान गमलिएल. त्यांची बहीण इम्मा शालोम ही एलिएझेरांची बायको. एका घरात जखमी नवरा, दुसऱ्या घरात जखम करणारा भाऊ. त्या दिवसापासून नवऱ्याला ती प्रार्थनेत जमिनीवर डोकं टेकून गाऱ्हाणं घालू देईना. एक दिवस दारात भिकारी आला, ती भाकरी घेऊन बाहेर गेली. परत येऊन बघते तो नवरा जमिनीवर पालथा. ती म्हणाली, उठा, माझा भाऊ गेला. तेवढ्यात गमलिएलांच्या घरून मृत्यूची वर्दी आली. तुला कसं कळलं, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा तिनं आजोबांच्या घरची शिकवण सांगितली: स्वर्गाची सगळी दारं मिटतात, शब्दांनी दुखावलेल्याचं दार तेवढं मिटत नाही.

आता मला सांगा, हे कुणी लिहिलं? एलिएझेरांच्या अनुयायांनी? नाही. जिंकलेल्या बहुमताच्याच वारसांनी लिहिलं. आपण वादात बरोबर होतो हे त्यांनी सोडलं नाही, निर्णय बदलला नाही. पण हरलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी आपल्याच पुस्तकात ठेवलं, आणि तेही नेमकं शब्दांनी दुखावण्याच्या प्रकरणात. आपण बरोबर होतो आणि तरीही आपण अन्याय केला, ही दोन वाक्यं एकत्र उच्चारता येणं आज आपल्याकडे किती जणांना जमतं? सभागृहांत, पक्षांत, भावकीत, टीव्हीच्या पडद्यावर?

याच ग्रंथात पुढे रेश लाकीशची गोष्ट आहे. थोडक्यात सांगते. रेश लाकीश आधी दरोडेखोर होता. रब्बी योहानान यांनी त्याला विद्येकडे वळवलं, बहीण दिली, आणि दोघं आयुष्यभर जोडीनं शिकले. एकदा वाद निघाला, की सुरी, तलवार ही हत्यारं पूर्ण कधी झाली म्हणायची. योहानान म्हणाले, भट्टीत घडली की. रेश लाकीश म्हणाला, पाण्यात विझवली की. योहानान बोलून गेले, की दरोडेखोराला त्याचा धंदा ठाऊक असणारच. मघाची मिश्ना आठवा. सुधारलेल्याला त्याचा भूतकाळ ऐकवू नये, ही शिकवण ज्यांनी हजार वेळा शिकवली असेल त्यांच्याच तोंडून हे वाक्य गेलं. रेश लाकीश आजारी पडला. बहीण रडत आली, योहानान द्रवले नाहीत. तो मेला. मग मंडळींनी योहानानांना नवा जोडीदार दिला, एलाझार बेन पेदात, मोठा हुशार. योहानान काही बोलले की तो म्हणे, आपल्या म्हणण्याला अमक्या वचनाचा आधार आहे. योहानान कळवळले: रेश लाकीश माझ्या प्रत्येक वाक्यावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विद्या वाढायची, मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? कपडे फाडत, त्याचं नाव घेत ते फिरत राहिले, आणि त्यातच त्यांचं भान हरपलं.

म्हणून आजही यहुदी विद्यालयांत जोडीनं शिकतात, मोठ्या आवाजात, एकमेकांना अडवत. एकट्यानं वाचलेलं तिथे पुरेसं मानत नाहीत. नुसती मान डोलावणाऱ्याबरोबर वाचलेलंही नाही.

आता सणांकडे वळते. सगळे घेणार नाही. आमच्या कोकणी घरांत त्यांची नावंही आपली आहेत: रोश हशाना हा नव्याचा सण, सुक्कोथ या सणाच्या सुमाराला खिरीचा सण, मंदिर पडल्याच्या दुखवट्याला बिरड्याचा रोजा. आणि योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दरफळणीचा सण, दारं मिटण्याचा. आमची जुनी माणसं त्या दिवशी शुभ्र कपडे घालून, घराची दारं लावून उपाशी बसायची आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दानधर्म करून एकमेकांच्या घरी जायची.

रोश हशाना, म्हणजे वर्षाचा पहिला दिवस. सिनेगॉग भरलेलं आहे. त्या दिवशी तोरामधलं काय वाचावं? सृष्टीची उत्पत्ती शोभली असती. मिसरातून सुटका शोभली असती. वाचतात काय? हागारची गोष्ट. बायको सारेच्या सांगण्यावरून अब्राहामानं दासी हागार आणि तिचा मुलगा इश्माएल यांना भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन घालवून दिलं. रानात पाणी संपलं. हागारनं मुलाला झुडपाखाली ठेवलं आणि बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली, मूल मरताना बघवणार नाही म्हणून. आणि देवानं त्या मुलाचा आवाज ऐकला. आपल्या मूळपुरुषानं, आपल्या आदिमातेच्या सांगण्यावरून, दुसऱ्या एका आईला देशोधडीला लावलं, हे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी ऐकायचं! मिद्राशात, म्हणजे बायबलवरच्या जुन्या विवरणात, आणखी एक जोड आहे. देवदूत तक्रार करतात, की या मुलाचे वंशज पुढे तुझ्या लोकांना छळतील. देव विचारतो, आज, या घडीला तो काय आहे? निर्दोष? मग मी आजचाच न्याय करणार.

त्याच सकाळी शोफार, मेंढ्याचं शिंग, फुंकतात. त्याचा आवाज कसा असावा, हे तालमूदनं कशावरून ठरवलं? सीसरा हा कनानी सेनापती, इस्राएलचा कट्टर वैरी. तो लढाईतून परत आला नाही आणि त्याची आई खिडकीशी वाट बघत बसली, असं शास्त्यांच्या पुस्तकात आहे. तिच्या रडण्यावरून शोफारचा सूर ठरवला. ती हुंदके देत होती की तुटक कण्हत होती, यावर पंडितांचं एकमत झालं नाही, म्हणून दोन्ही सूर वाजवतात. शत्रूच्या आईचं रडणं, आमच्या सर्वांत पवित्र प्रार्थनेच्या मधोमध. हे मी प्रथम वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मला पुढे वाचताच आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी योम किप्पूर. पंचवीस तासांचा उपवास. त्याबद्दल मिश्ना निक्षून सांगते, की हा दिवस देवाचे अपराध धुतो. शेजाऱ्याचे धूत नाही. जोपर्यंत तुम्ही त्या माणसाकडे जाऊन त्याची समजूत घातली नाही तोपर्यंत उपवास, प्रार्थना, सगळं त्या हिशेबी फुकट. तो मेला असेल तर? तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि त्यांच्यासमोर सांगायचं, की मी या माणसाचा अपराध केला.

आता ते बोलते, ज्याबद्दल आमच्या घरांत अजून आवाज चढतो. १९६२ साली इस्राएलमधल्या मुख्य रब्बी मंडळानं विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्राएल वधूवरांच्या वंशाची चौकशी करा: आई कोण, आजी कोण, तिच्या मागची कोण. ज्या लोकांनी पोथीवाचून शतकानुशतकं शनिवार पाळला त्यांनी आता पणजीचा पुरावा आणायचा! बाबा मेट्झियातली ती यादी त्या रब्बींना पाठ होती, हे निराळं सांगायला नको. आमचे लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. १९६४ मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं आणि संसदेनं आमची बाजू घेतली आणि त्या सूचनांतून बेने इस्राएलांचं नाव काढलं गेलं. ग्रंथ चांगला असला म्हणजे माणसं चांगली वागतात, असं मी म्हणतच नाही. पण धरणं धरणाऱ्यांच्या हातात तोच ग्रंथ होता. रूथ ही मवाबी, परकी बाई. तिची गोष्ट दर वर्षी शावुओथच्या सणाला वाचतात आणि दावीद राजा तिचाच पणतू. ज्या पानावरून आम्हाला अडवलं त्याच्या शेजारच्या पानावर आमची बाजू लिहिलेली होती.

आणि आजच्या काळात यहुदी ग्रंथांबद्दल बोलायचं आणि २०२३ नंतरच्या दिवसांबद्दल गप्प बसायचं, हे मला प्रामाणिक वाटत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला सिम्हाथ तोरा होता, तोराचं वाचन संपवून त्याच दमात पहिल्या ओळीपासून सुरू करायचा आनंदाचा सण. त्या सकाळी इस्राएलमध्ये घराघरांत शिरून माणसं मारली, ओलीस नेली. त्यानंतर गाझात जे झालं, जी मुलं मेली, तेही आपण सर्वांनी पाहिलं. माझे नातलग तिकडे आहेत. त्यांची भीती मला ठाऊक आहे आणि ती खरी आहे. पण पेसाहच्या रात्री मिसरवरच्या दहा पीडा वाचताना आम्ही प्रत्येक पीडेला प्याल्यातला द्राक्षारसाचा एक थेंब बाहेर टाकतो. जुलमी असले तरी माणसं मेली, तेवढा आपला आनंद उणा, असं त्याचं कारण आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलं. मिसरी सैन्य समुद्रात बुडताना देवदूत गायला निघाले, तेव्हा देवानं त्यांना गप्प केलं, असं तालमूद सांगतो. आपल्या मेलेल्यांसाठी रडू नका, असं यातलं काहीही सांगत नाही. खिडकीशी बसलेल्या दुसऱ्या आईचं रडणं कानाआड करायची मुभाही देत नाही. मला स्वतःला हे जड जातं. सोपं असतं तर त्यासाठी वर्षाचा सण राखून ठेवावा लागला नसता.

योम किप्पूरच्या दुपारी, उपवासाचे वीस-एक तास होऊन गेल्यावर, पोट आत गेलेलं असताना, योनाचं पुस्तक वाचतात. फक्त चार अध्याय. देव योनाला सांगतो, निनवेला जा. निनवे ही अश्शूरांची महानगरी. ज्या अश्शूरांनी इस्राएलचं उत्तरेचं राज्य नष्ट केलं, त्यांची. योना उलट दिशेच्या गलबतात बसतो. वादळ, मासा, ते सगळं तुम्हाला माहीत आहे, आणि मुलांच्या पुस्तकांत गोष्ट तेवढीच असते. खरी गोष्ट त्यानंतर आहे. योना शेवटी निनवेत जातो, चाळीस दिवसांत नाश होईल असं ओरडून सांगतो, आणि निनवेचे लोक चक्क सुधारतात. देव त्यांना सोडतो. योना संतापतो. शहराबाहेर जाऊन बसतो, की आता तरी काही होतंय का बघू. देव त्याच्या डोक्यावर सावलीला वेल उगववतो, दुसऱ्या दिवशी कीड लावून सुकवतो. योना वेलीसाठी हळहळतो. तेव्हा देव त्याला विचारतो: ज्या वेलीसाठी तू कष्ट केले नाहीस तिची तुला कीव आली, मग एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या त्या शहराची मला कीव येऊ नये का?

पुस्तक तिथे संपतं. योनाचं उत्तर लिहिलेलं नाही. मराठी बायबलात हे पुस्तक आहे, वाचायला अर्धा तासही लागत नाही. जमलं तर अशा कुणाबरोबर वाचा, ज्याच्याशी तुमचं पटत नाही. माझ्यापुरतं सांगते. योनाच्या जागी मी असते तर मीही शहराबाहेर तोंड फिरवून बसले असते, कारण निनवेनं माझ्या लोकांचं काय केलं ते मी विसरले नसते. पण त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची माझी हिंमत झाली नसती. ‘हो’ म्हणायला मात्र मला दर वर्षी त्या उपवासाची ती शेवटची दुपार लागते.